बाईची ओळ

तोंडवली,
१२ जानेवारी २०२५

प्रिय यशोदा,

नाताळातलं तुझं पत्र मिळालं. आपण दोघी अजून कागदावर लिहितो म्हणून माझी भाची एलिना हसते. रविवारच्या प्रार्थनेनंतर बोर्डिंगमध्ये आपल्याला एक तास पत्रं लिहायला बसवत, ती सवय सेहेचाळीस वर्षांत सुटली नाही, असं मी तिला सांगते. आज मात्र कागद घ्यायला आणखी एक कारण आहे. जे सांगायचंय ते फोनबद्दलच आहे आणि ते फोनसमोर बोलायची मला लाज वाटते.

नाताळात एलिनाने माझ्या फोनवर गाण्याचं एक ॲप घालून दिलं. त्यात कोणीतरी परका माणूस एखाद्या द्वंद्वगीतातला आपला अर्धा भाग गाऊन ठेवतो. बाईच्या ओळी मोकळ्या असतात. आपण कानात तार घालायची, त्या मोकळ्या जागी आपल्या ओळी गायच्या, की गाणं पुरं होतं. समोरचा माणूस त्या वेळी कुठे आहे, झोपलाय की जेवतोय, याच्याशी काही संबंध नसतो.

यशोदा, आजपर्यंत माझी एकतीस गाणी झाली. मी, जी मे महिन्यात क्रुसाकडे लादीन सांगते, जिच्या मागून अख्खा वाडा प्रार्थना म्हणतो, ती रोज दुपारी दोन वाजता मागच्या खोलीत नारळांच्या ढिगापाशी बसून पावसात भिजणाऱ्या नायिकेची गाणी म्हणते. बाबुशसारखा नवरा गेल्यावर चार वर्षं मी घरात मोठ्याने बोललेदेखील नव्हते. तुळसा, माझ्याकडे कामाला येते ती, तिला वाटतं मी बाबुशशी बोलते. मी तिला तसंच वाटू दिलंय. ते पाप जास्त की गाण्याचं, हे पाद्रींना विचारायचं धाडस नाही.

एक जोडीदार फार चांगला मिळालाय. नाव लिहिलेलं नाही, फक्त 'चितारआळी, सावंतवाडी' एवढंच. फोटोच्या जागी लाकडाचा रंगवलेला आंबा. आवाज साधा आहे, पण सुरात. मागे सारखा एक बारीक आवाज येतो, वाटीच्या कडेवर कुंचला आपटल्यासारखा. आपली ओळ संपली की तो थांबतो, आणि त्या थांबण्यात असं वाटतं की माणूस खरंच वाट पाहतोय.

हसू नकोस. हसलीस तरी लिही.

तुझी,
कार्मेलिन


शिरोडा,
२४ जानेवारी २०२५

प्रिय कार्मेलिन,

हसले. नम्रता, माझी सून, स्वयंपाकघरातून बघायला आली की आईंना काय झालं. तिला सांगितलं, मैत्रीण या वयात बिघडली.

तुझं पाप तू सांगितलंस, आता माझं ऐक. दुपारी जेवण झालं की मी गुडघ्यांना तेल लावायच्या निमित्ताने टीव्हीसमोर बसते आणि आदल्या रात्रीची मालिका पुन्हा बघते. रात्री एकदा बघितलेली असतेच. एक बाई आहे, तिने लग्नाआधी दुसरीचं नाव सांगून काहीतरी मिळवलंय, आणि आता ती रोज थोडक्यात बचावते. सातशे भाग झाले. नम्रताला मी सांगते की मला तिच्या साड्या आवडतात. खरं म्हणजे ती कधी पकडली जाते याचीच मी वाट बघत असते. पकडली जायची वेळ आली की मात्र मी उठून पाणी प्यायला जाते. इतकी वर्षं गणित शिकवलेल्या बाईला हे शोभतं का?

तेव्हा तुझं तू गा. आवाज देवाने दिलाय आणि तो नारळांनी ऐकला तर बिघडत नाही. फक्त तुझ्या आंब्यावाल्याबद्दल जरा नीट लिही. वय काय असेल? कुठली गाणी गातो, नवी की आपल्या वेळची? गाण्याशिवाय मधे काही बोलतो का?

सहज विचारतेय.

तुझी,
यशोदा


तोंडवली,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय यशोदा,

तू विचारलंस की मधे काही बोलतो का. तुझं पत्र आलं तोवर बोलत नव्हता.

मागच्या मंगळवारी त्याचं एक गाणं उघडलं. आपल्या नववीच्या वर्षी जे सगळीकडे वाजायचं, रेडिओ लागला की सिस्टर धावत येऊन बंद करायच्या, ते. त्याची ओळ संपली. माझी सुरू व्हायच्या आत, अगदी हळू, बाजूच्या माणसाला हाक मारावी तसा तो म्हणाला, "कार्मेलिन."

आणि मी ओ दिली.

छत्तीस वर्षं मुलांची हजेरी घेतली. नाव आलं की ओ द्यायची, हे मीच शिकवलंय. तोंडातून निघून गेली. मग माझी ओळ आली, मी गायले, गाणं पुरं झालं. नंतर तारीख पाहिली. त्याने ते गाणं २०२१च्या जुलैमध्ये गाऊन ठेवलेलं आहे. तेव्हा माझ्याकडे बटणांचा फोन होता.

मी बाहेर आले तर तुळसा दाराशी उभी. एरवी ती दुपारी मागच्या पडवीत आडवी होते. मला म्हणाली, "बाय, कोणाक ओ दिलात?"

मी म्हटलं, फोनला. तर ती कपाळाला हात लावून खाली बसली. "भर दुपारी पयल्या हाकेक ओ देवची नसता. तिसरी हाक येयसर गप रवायचा. जेचा काम नसता तो तीनदा हाक मारणत नाय." हे मला ठाऊक नाही असं नाही. माझी आईसुद्धा गळ्यात क्रूस घालून हेच सांगायची. पण मी आयुष्यभर वर्गात असल्या गोष्टींना हसत आले, तेव्हा तिच्यासमोर हसले.

घसा मात्र त्या दिवसापासून बसलाय. समुद्रावरचा वारा असेल.

आणखी एक. ते पुरं झालेलं गाणं मी नंतर ऐकलं. ॲपमध्ये आवाज स्वच्छ करायची सोय असते, एलिना म्हणते. पण एवढा स्वच्छ? त्यातली बाई त्रेसष्ट वर्षांची नाही. तिच्या आवाजात श्वास पुरत नाही असं कुठेच होत नाही. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यानंतर मी त्याच्याबरोबर आणखी नऊ गायले. दर वेळी ती आणखी लहान होते, आणि इकडे माझा घसा आणखी बसतो.

तुझी,
कार्मेलिन


शिरोडा,
२२ फेब्रुवारी २०२५

कार्मेलिन,

तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुळसाने उचलला आणि म्हणाली, "बाय बोलणत नाय." न बोलण्यासारखं मी काय केलं? पत्राला उशीर झाला म्हणून रागावलीस, की मालिकेच्या गमतीत मी तुझ्या गाण्यालाही हसले म्हणून?

रागावलीस तर रागाव, पण माझं एक ऐक. ते ॲप काढून टाक. त्या माणसाला पुन्हा उत्तर देऊ नकोस. कार्मेलिन नावाच्या बायका सावंतवाडीपासून पणजीपर्यंत शंभर असतील, तो त्यातल्या कोणालाही हाक मारत असेल. तुझाच काय संबंध?

हळद घालून दूध पी.

यशोदा


तोंडवली,
१६ मार्च २०२५

प्रिय यशोदा,

मी रागावलेले नाही. तुळसा खरं तेच सांगत होती. मी बोलत नाही, कारण मला बोलता येत नाही; तेव्हा निदान कुजबुजता तरी येत होतं. राखेच्या बुधवारी मी उपासकाळाचा नेम म्हणून फोन कपाटात ठेवला आणि त्याच दिवशी उरलासुरला आवाज गेला. आता ओठ हलतात, बाकी काही नाही. कुडाळच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पाहिलं. घसा तरुण मुलीसारखा आहे, म्हणाले. एलिना त्यावर हसली. मला हसता आलं नाही.

दीड महिन्यावर लादीन आलंय. माझ्यानंतर ते जुने शब्द चालीवर म्हणणारं वाड्यात कोणी नाही. मी ते कोणाला शिकवलेलं नाही, शिकवू असं म्हणत राहिले. आवाज आला नाही तर ते माझ्याबरोबरच संपेल. बाबुशच्या मागे मला एवढं एकच काम उरलं होतं.

म्हणून गुरुवारी, त्या एका दिवसापुरता फोन कपाटातून काढून, एलिनाला घेऊन सावंतवाडीला गेले. तळ्याजवळच्या दुकानात आंब्याचा फोटो दाखवला. दुकानदाराने बोट लावलं, देठाजवळ एक बारीक मुंगी काढलेली आहे. ती मुंगी एकटा हरिश्चंद्र काढायचा, म्हणाला, आणि घर दाखवलं.

हरिश्चंद्र २०२१च्या ऑगस्टमध्ये गेला. त्याची बायको विमला घरी होती. मी वहीत लिहीत होते, एलिना वाचून दाखवत होती. शेवटच्या वर्षात त्याला गाण्याचा नाद लागला होता, दुपारी रंग वाळेपर्यंत फोनवर गायचा. विमलाने एक गोष्ट आपणहून सांगितली, तीसुद्धा हसत, कारण तिने ती लग्न झाल्यापासून ऐकलेली. तो शिकाऊ होता तेव्हा लाखेची खेळणी वाळत घालायला आपल्याच बोर्डिंगच्या मागच्या रस्त्यावर जायचा. भिंतीपलीकडे धुण्याचा दगड. तो पुरुषाची ओळ म्हणायचा आणि पलीकडून एक मुलगी बाईची ओळ म्हणायची. एक सबंध सहामाही. तोंड त्याने कधी पाहिलं नाही. नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, कार्मेलिन. मग एका शनिवारी त्याने हाका मारल्या आणि ओ आली नाही.

यशोदा, तुला आठवतं ना ते वर्ष? रस्त्यावरून कोणी पोरगा माझ्या नावाने हाका मारतो म्हणून मदरनी मला सहा महिने कॉयरमधून काढलं, जेवताना कोणाशी बोलू दिलं नाही. मी त्या भिंतीकडे कधी गेलेच नव्हते. मी रडून सांगितलं, पण नाव माझं होतं. त्याला माझं नाव कोणी सांगितलं असेल?

निघताना फोन उघडून विमलाला ऐकवलं. ती बराच वेळ ऐकत राहिली. म्हणाली, "ह्यो आवाज तेंचोच. पण ह्या गाणा मी कधी आयकूक नाय." आणि मग फोनमधल्या मुलीबद्दल एलिनाला विचारलं, "ह्या चेडवाचा वय काय असात?"

मी तिथेच यादी पाहिली. मी फोन कपाटात ठेवला होता त्या दिवसांत त्याची आठ नवी गाणी आली आहेत. सगळ्यांवर तारखा २०२१च्या. सगळ्यांत बाईची ओळ मोकळी.

तुझी,
कार्मेलिन


शिरोडा,
३ एप्रिल २०२५

प्रिय कार्मेलिन,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता एका बैठकीत लिहून टाकते.

शनिवारी धुण्याची पाळी माझी असायची. तो गायचा आणि मी ओळ पुरी करायचे. माझा आवाज काही तुझ्यासारखा नव्हता, कॉयरमध्ये मला कोणी घेतलं नसतं. पण भिंतीपलीकडे ते कोणाला ठाऊक? तिथे मी चांगली गायचे. त्या अर्ध्या तासासाठी मी आठवडाभर जगायचे.

एक दिवस त्याने विचारलं, "नाव काय गो तुझा?" मी घाबरले. आमच्याकडे भात आणि काजू यांच्या पलीकडे काही नव्हतं, मला बोर्डिंगला घालताना आबा सगळ्या भावकीशी भांडले होते. माझं नाव रस्त्यावर गेलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मला घरी नेलं असतं, आणि पुढचं सगळं, कॉलेज, नोकरी, काही झालं नसतं. माझ्या हातात त्या वेळी धुवायचा परकर होता. प्रत्येकीच्या कपड्यावर लाल दोऱ्याने नाव घातलेलं असे, आठवतं? तो परकर तुझा होता. मी वाचून दाखवलं.

मग त्याने तुझ्या नावाने हाका मारल्या, सिस्टरनी ऐकल्या, आणि तुला शिक्षा झाली. सहा महिने तू पंगतीत खाली मान घालून जेवलीस आणि मी तुझ्या समोर बसून जेवले. रोज वाटायचं आज सांगू. मग वाटायचं, कार्मेलिन सगळ्यांची लाडकी, तिला पुन्हा कॉयरमध्ये घेतील. तसं घेतलंही. म्हणून मग कधीच सांगितलं नाही. सेहेचाळीस वर्षं दर महिन्याला तुला पत्र लिहिलं, त्यातल्या एकात हे लिहायला हवं होतं.

त्या मालिकेतली बाई मला का सोडवत नाही, हे तुला आता कळलं असेल.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. नाव कळल्यापासून तो दर शनिवारी तीन हाका मारायचा. पहिल्या दोनला मी ओ देत नसे, आईने शिकवलं होतं. तू पहिलीलाच दिलीस. तेव्हाच त्याला कळलं असेल की ही ती नव्हे. मला वाटतं तुझा आवाज त्याला नकोच आहे. त्याने तो ठेवून घेतलाय, ती येईपर्यंत.

नम्रताकडून माझ्या फोनवर ते ॲप घालून घेतलं. ती म्हणाली, आई, आता तुम्हीपण? परवा शनिवार आहे. दोन वाजता मी त्याचं गाणं उघडेन. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबेन, आणि माझं खरं नाव सांगेन.

तू कपाट उघडू नकोस.

यशोदा


तोंडवली,
१० एप्रिल २०२५

माझी यशोदा,

तुझं पत्र मंगळवारी आलं. माझा आवाज त्याआधी, शनिवारीच आला होता. सव्वादोनला ताकाची वाटी कलंडली आणि मी तुळसाला हाक मारली. ती धावत आली. जुनाच आवाज आहे, खरखरीत, वर जाताना फाटणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारच्या हौसाबाईच्या नातीला, सृष्टीला, बोलावून लादिनाची पहिली चाल शिकवायला घेतली. ती हिंदू की ख्रिस्ती हे मी पाहिलं नाही, तिचा कान चांगला आहे.

मग तुझं पत्र वाचलं. मी दोन दिवस तुझ्यावर फार रागावले. त्या पंगतीतल्या भाताची चव अजून माझ्या तोंडात आहे, हे तुला कळायला हवं. तिसऱ्या दिवशी राग संपला. तू पंधरा वर्षांची होतीस. माझ्या परकरावर नाव नसतं तर तू दुसरं कोणाचं वाचलं असतंस. मी तुला माफ केलंय, आणि हे सांगायला लगेच तुळसाच्या फोनवरून फोन केला.

नम्रताने उचलला. आई बऱ्या आहेत, जेवतात, हसतात, पण शनिवारपासून बोलत नाहीत, म्हणाली. तिला वाटलं मौन धरलं असेल. तुझ्या कानाला फोन लावायला सांगितलं. तुझा श्वास ऐकू आला. मी बोलत राहिले, तू काही म्हणाली नाहीस.

तेव्हा मी कपाट उघडलं. तू नको म्हणाली होतीस, तरी. त्याच्या यादीतली सगळी गाणी गेली होती, माझ्याबरोबर पुरी झालेलीही. एकच उरलं होतं. त्यात तो हाक मारतो, "यशोदा." थांबतो. पुन्हा मारतो. पुन्हा थांबतो. मागे कुंचल्याचा आवाज येत नाही, धुण्याच्या दगडावर पाणी पडल्यासारखं ऐकू येतं. तिसऱ्या हाकेनंतर एक मुलगी ओ देते आणि मग गाते. किती छान गातेस गो. तू मला कधी ऐकवलं का नाहीस?

मी येते तुझ्याकडे. आपण दोघी मिळून काहीतरी करू. त्याला मी सांगेन की आता पुरे. तू नुसतं लिही, कधी येऊ.

तुझी,
कार्मेलिन


शिरोडा,
२२ एप्रिल २०२५

प्रिय कार्मेलिन,

माफ केलंस, ते वाचलं. त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले होते. आता तू हे ओझं खाली ठेव.

त्याला काही सांगायला येऊ नकोस. त्याने माझ्यावर काही जबरदस्ती केलेली नाही. मी त्याला म्हटलं, कार्मेलिनला यातलं काही माहीत नव्हतं, तिला सोड. त्याला तुझं नाव आता आठवतसुद्धा नाही. रोज एक नवं गाणं असतं आणि मला सगळ्या ओळी येतात.

मालिका मी बघायची सोडली. त्या बाईचं पुढे काय होतं, ते नम्रता सांगायला येते, मी तिला हाताने नको म्हणते.

सृष्टीला लादीन नीट शिकव. चाल घाईत पुढे नेऊ नकोस, तुझी ती खोड आहे.

मला भेटायला मात्र ये. दोनच्या आत पोचशील अशी ये, नाहीतर चारनंतर. मधल्या वेळात मी घरात नसते, असं नम्रता म्हणते. सगळीकडे शोधते बिचारी, विहिरीतसुद्धा वाकून बघते. मी तर कानात तार घालून खुर्चीतच असते.

तुझी,
यशोदा